हिशेबतपासनिसांची शाळा

मंडळाच्या वार्षिक अहवालाची शेवटची दोन पाने सहसा कोणी वाचीत नाही. गणेशोत्सवाचा वृत्तांत, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली यांवरून साऱ्यांची दृष्टी कौतुकाने फिरते. परंतु जमाखर्च आणि ताळेबंद यांच्यापाशी येताच पान उलटले जाते. त्या ताळेबंदाच्या तळाशी दोन ओळींचा अभिप्राय आणि मानद हिशेबतपासनिसांची सही असते. सही आहे एवढ्यावरच सभासद निर्धास्त होतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. सही करणाऱ्याने आपली विद्या कधी मिळविली, त्यानंतर ती किती वेळा घासूनपुसून घेतली, हा प्रश्न आजवर कोणत्याही सभेत विचारला गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तो आम्हीच स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारे यथामति द्यावे, असा या लेखाचा हेतू आहे. 'आम्ही' म्हणजे बंगळूर नगरीत हिशेब आणि हिशेबतपासणी यांच्या पेशात आयुष्य घालविलेली मराठी मंडळी.

हिशेब हा काही आपल्या समाजाला नवा विषय नव्हे. आपल्या आडनावांतच तो मुरलेला आहे. फडणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार, दफ्तरदार, कारखानीस, कुलकर्णी ही सारी नावे कधीकाळी कामाची नावे होती. पोतनिसाकडे खजिन्याची नोंद, फडणिसाकडे दफ्तर आणि जमाखर्च, मुजुमदाराकडे हिशेबाची छाननी आणि कुलकर्ण्याकडे गावचे दफ्तर. आपण महाराष्ट्रात ज्याला कुलकर्णी म्हणतो त्याला इकडे शानभोग म्हणतात. काम तेच, वही तीच, केवळ लिपी निराळी. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मोडी दफ्तरांतून आले आणि आजही मराठी वाणिज्याच्या पुस्तकांत नांदत आहेत.

या कारकुनी विद्येत पुन्हा पुन्हा शिकावे लागते, हेही आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांच्या नावाने ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तेव्हा फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. मुजुमदार हा अमात्य झाला. कोशाचे राजकीय महत्त्व पुष्कळांनी वर्णिले आहे. परंतु दफ्तरात बसणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने पाहिले तर एका पिढीला आपल्या रोजच्या कामाची भाषा नव्याने शिकण्याचा तो प्रसंग होता. उलट उदाहरण पेशवाईच्या अखेरीचे. नाना फडणीसांच्या काळी पुण्याचे हुजूर दफ्तर काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी त्याच दफ्तराची शिस्त ढासळली. दफ्तर तेच, वह्या त्याच; पण वर विचारणारा उरला नाही आणि खाली शिकणारा उरला नाही. विद्या एकदा मिळाली म्हणजे ती आपोआप टिकते, हा समज किती फसवा आहे याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

बंगळूर आणि मराठी दफ्तर

बंगळूरशी आपला संबंध साडेतीनशे वर्षांहून अधिक जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून हे नगर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे केंद्र झाले. जहागीर आली म्हणजे दफ्तर आले आणि दफ्तराबरोबर मराठी कारकून आले. १६८७ साली बंगळूर तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले, तरी दफ्तरातील मराठी मात्र गेली नाही. हैदरअलीच्या काळी म्हैसूरच्या महसुली कचेऱ्यांत कन्नडबरोबर मराठीतही हिशेब ठेवले जात. टिपू सुलतानाने फारसीचा आग्रह धरला, तेव्हा याच कचेऱ्यांतील मंडळींना पुन्हा एकवार नव्या भाषेशी जुळवून घ्यावे लागले. पुढे म्हैसूरच्या दिवाणपदावर तंजावरच्या मराठी परंपरेतील व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) यांच्यासारखे कारभारी आले. हे सारे सांगण्याचा हेतू वंशाभिमान हा नव्हे. राज्य बदलले, भाषा बदलली, नाणे बदलले, तरी ज्याने नवे शिकून घेतले तोच कारकून आपल्या बैठकीवर टिकला, एवढेच दाखवावयाचे आहे.

आधुनिक अर्थाने हिशेबतपासनिसाचा पेशा मात्र या मातीत उगवला नाही. तो आगबोटीतून आला. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या गणितज्ञ भिक्षूने द्विनोंदी पद्धतीचे वर्णन आपल्या ग्रंथात छापले. १८५४ साली एडिंबरो येथील हिशेबनिसांच्या संस्थेस राजसनद मिळाली आणि 'सनदी' हा शब्द या पेशास कायमचा चिकटला. हिंदुस्थानात १९१३ चा कंपनी कायदा १ एप्रिल १९१४ पासून अमलात आला आणि कंपन्यांचे हिशेब तपासण्यासाठी सरकारमान्य पात्रता आवश्यक ठरली. त्याच १९१३ साली मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९१८ पासून मुंबई सरकारच्या मंडळामार्फत 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी' म्हणजे जी. डी. ए. ही परीक्षा घेतली जाऊ लागली. १९३२ च्या नियमांनंतर 'रजिस्टर्ड अकौंटंट' ही अखिल भारतीय पदवी आली. मद्रासच्या आर. शिवभोगम् यांनी १९३३ साली जी. डी. ए. उत्तीर्ण होऊन या पेशातील पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान मिळविला. त्याच पुढे, १९५५ ते १९५८ या काळात, बंगळूर ज्या दक्षिण विभागीय परिषदेत मोडते तिच्या अध्यक्षा झाल्या. आपल्या लेकीसुनांनी हे नाव ध्यानी ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर संसदीय कायद्याने १ जुलै १९४९ रोजी 'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकौंटंट्स ऑफ इंडिया' ही संस्था अस्तित्वात आली. जी. पी. कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. कठोपनिषदातून घेतलेले तिचे ब्रीद निद्रिस्तांमध्ये जागृत असणाऱ्याचे स्मरण देते. हे ब्रीद संस्थेस श्रीअरविंदांकडून लाभले. जागृत राहावयाचे म्हणजे काय, याचा अर्थ मात्र पुढील पाऊणशे वर्षांत हळूहळू उलगडत गेला.

कारखान्यांचे शहर

आमची मंडळी बंगळूरला आली ती बहुतांशी कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या मागोमाग. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहिली आणि मल्लेश्वरमच्या परिसरात मराठी कानी पडू लागली. त्यामागून १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली घड्याळे व यंत्रे बनविणारा एच. एम. टी. चा आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा असे कारखाने आले. प्रत्येक कारखान्यास जसे यंत्रज्ञ लागले तसे हिशेबनीसही लागले. शिवाय महालेखापालांची कचेरी होतीच. तेथे लागलेल्या तरुणास एस. ए. एस. ही खात्याची परीक्षा द्यावी लागे. दिवसभर कचेरी आणि रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली नियमांची पुस्तके, असा त्या घरांचा क्रम असे. कित्येक घरांत मुलाच्या मॅट्रिकचा आणि वडिलांच्या एस. ए. एस. चा अभ्यास एकाच टेबलावर चाले, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

सरकारी मालकीच्या कंपन्यांची तपासणी ही आणखी निराळी गोष्ट. तेथे सनदी तपासनिसाची नेमणूक नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्याच्या तपासणीवर पुन्हा त्यांची पूरक तपासणी होऊ शकते. म्हणजे या शहरात खासगी पेशातील तपासनीस आणि सरकारी लेखापरीक्षक हे एकमेकांस सतत भेटत, एकमेकांच्या चुका दाखवीत आणि त्यातून शिकत आले. बंगळूरच्या पेशाला जी एक प्रकारची सावध शिस्त लाभली तिचे मूळ येथे असावे, असे आम्हांस वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मुंबई राज्यातील बेळगाव, धारवाड, विजापूर व उत्तर कानडा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्या पाठोपाठ १९५७ साली, आज 'कर्नाटक स्टेट चार्टर्ड अकौंटंट्स असोसिएशन' या नावाने ओळखली जाणारी संघटना स्थापन झाली. तेच वर्ष १ एप्रिलपासून दशमान नाण्यांचेही होते. सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पै यांच्यावर ज्यांची बोटे चालत होती त्यांना शंभर नव्या पैशांचा रुपया शिकावा लागला. एक वर्ष आधी १९५६ चा कंपनी कायदा आलाच होता. जुन्या कायद्यात ताळेबंदाने 'खरे व बिनचूक' चित्र दाखवावे अशी भाषा होती. नव्या कायद्याने 'खरे व वाजवी' चित्र मागितले. शब्द एकच बदलला, पण त्या एका शब्दाने तपासनिसाचे काम बदलून टाकले. बिनचूक आहे की नाही हे बेरजेवरून कळते. वाजवी आहे की नाही हे विवेकाने ठरवावे लागते. बेरीज शाळेत शिकता येते. विवेक कोठे शिकावयाचा?

अभ्यासवर्तुळाची संध्याकाळ

या प्रश्नाचे बंगळूरने दिलेले उत्तर म्हणजे अभ्यासवर्तुळ. साठच्या दशकाच्या आरंभी इन्स्टिट्यूटच्या दक्षिण विभागाची शाखा या शहरात सुरू झाली. वसंतनगरातील मिलर्स टँक बेडवरची आजची वास्तू पुढे उभी राहिली. शाखेच्या आणि संघटनेच्या विद्यमाने सायंकाळच्या सभा भरू लागल्या. आमच्या स्मरणात ठसली आहे ती बुधवारची संध्याकाळ. कचेरी आटोपून मंडळी जमत. आधी कॉफी, मग एखाद्या सहव्यवसायिकाचे तासभराचे विवेचन आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे. विवेचन इंग्रजीत, कोपरखळ्या कन्नडमध्ये आणि परतताना बसथांब्यावरची चर्चा आमच्यापुरती मराठीत. उपस्थितीची कोणतीही सक्ती नव्हती. न येणाऱ्यास दंड नव्हता, येणाऱ्यास प्रमाणपत्र नव्हते. तरी मंडळी येत, कारण न येणे परवडत नसे.

का परवडत नसे, ते सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील घटनाक्रमावरून ध्यानी येईल. १९६१ चा प्राप्तिकर कायदा १९६२ पासून लागू झाला आणि त्यात दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर भर पडत गेली. १९७५ साली कंपन्यांच्या तपासनिसांनी आपल्या अहवालात कोणकोणत्या बाबींवर स्पष्ट अभिप्राय द्यावा याविषयी केंद्र सरकारचा आदेश निघाला. २१ एप्रिल १९७७ रोजी इन्स्टिट्यूटने लेखामानक मंडळ स्थापन केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात म्युनिक येथे हिशेबनिसांचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्मास आला आणि आपली इन्स्टिट्यूट त्याच्या संस्थापक सदस्यांत होती. १९८४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४४ एबी हे कलम आले आणि ज्यांची वार्षिक विक्री ४० लाख रुपयांहून अधिक त्या व्यापाऱ्यांना करविषयक लेखापरीक्षण सक्तीचे झाले. दहा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या तपासनिसाच्या पुस्तकात यांतले काहीच नव्हते.

त्या पहिल्या वर्षीचा, आमच्यापैकी एकाच्या बाबतीत घडलेला प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. चिक्कपेटेत कापडाचा व्यवसाय करणारे एक मराठी गृहस्थ त्याचे अशील होते. दोन दुकाने, दोन्हींच्या वह्या वेगळ्या, मुनीम वेगळे. एका दुकानाची विक्री २६ लाख, दुसऱ्याची २०. दोन्ही आकडे ४० च्या आत, म्हणून नव्या कलमाची बाधा नाही, असे आमच्या मित्राने अशिलास सांगून टाकले. त्या बुधवारी तो थकलेला होता. सभेस जावे की घरी, या विचारात अखेर गेला. विषय नेमका तोच निघाला. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने आपले उदाहरण मांडले. एक वयोवृद्ध कन्नड सहव्यवसायिक मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, "वह्या दोन आहेत हे कळले, धनी किती आहेत?" सभेत क्षणभर शांतता पसरली. धनी एकच होता. करदाता एक म्हणजे विक्री ४६ लाख. तपासणी न करविल्यास विक्रीच्या अर्ध्या टक्क्याने २३ हजार रुपये दंड. त्या काळी एवढ्या रकमेत एका कन्येचे लग्न होत असे. मुदत उलटण्यापूर्वी वह्या तपासल्या गेल्या आणि अरिष्ट टळले. ते गृहस्थ आज हयात नाहीत. आपण कोणत्या संकटातून वाचलो हे त्यांना अखेरपर्यंत पुरते उमगले नाही. मित्र मात्र त्यानंतर बुधवार चुकविताना आम्ही पाहिला नाही.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही आपली म्हण. अभ्यासवर्तुळाचे सारे तत्त्व तिच्यात सामावलेले आहे. फरक एवढाच की येथे पुढच्याने आपली ठेच लपवून न ठेवता चारचौघांत दाखवावी लागते. स्पर्धेच्या पेशात हे सोपे नव्हे. ज्याच्याशी आपण अशिलासाठी चढाओढ करतो त्याच्यासमोर आपले अज्ञान उघडे करणे, यास मनाचा मोठेपणा लागतो. परक्या मुलखातून आलेल्या आम्हांस या शहरातील कन्नड, तमिळ, गुजराती, मारवाडी सहव्यवसायिकांनी तो मोठेपणा भरभरून दाखविला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

यंत्रयुग आणि तासांची मोजणी

यानंतरच्या काळात शहर पालटले आणि त्याबरोबर वहीही पालटली. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला आली. १९८६ साली याच शहरात टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीचा जन्म झाला आणि देशातील लहान व्यापाऱ्यांपर्यंत यांत्रिक खतावणी पोचली. लाल कापडाची बांधीव वही दिवाळीच्या पूजेपुरती उरली. वहीतील खाडाखोड डोळ्यांना दिसे. यंत्रातील खाडाखोड कशी शोधावयाची, हे पन्नाशी ओलांडलेल्या तपासनिसांना आपल्या उमेदवारांकडून शिकावे लागले. गुरूने शिष्यापाशी बसून शिकण्याचा तो काळ होता आणि ज्यांना त्यात कमीपणा वाटला नाही ते तरले. १९९९ साली इन्फोसिसचे भाग अमेरिकेतील नॅस्डॅक बाजारात नोंदविले गेले, तेव्हा अमेरिकी हिशेबपद्धती हा दूरदेशीचा विषय न राहता जयनगर-मल्लेश्वरमच्या कचेऱ्यांतील रोजचा विषय झाला.

एव्हाना जगभर एक विचार दृढ होत चालला होता. पात्रता परीक्षा एकदा उत्तीर्ण होणे पुरेसे नाही. पेशात असेपर्यंत शिकत राहणे बंधनकारक असावे. अमेरिकेतील आयोवा राज्याने १९६९ सालीच तसा नियम केला होता. आपल्या इन्स्टिट्यूटने अखंड व्यावसायिक शिक्षणाविषयीचे आपले निवेदन २००३ पासून लागू केले आणि स्वेच्छेची जागा नियमाने घेतली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २००४ च्या मानकानेही तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण सांगितले. उदाहरणार्थ, २०२० ते २०२२ या तीन वर्षांसाठी, प्रत्यक्ष पेशा करणाऱ्या साठ वर्षांखालील सदस्यास एकूण १२० तासांचे शिक्षण आवश्यक होते. त्यांपैकी निदान ६० तास मान्यताप्राप्त सभा-परिषदांतून घेतलेले आणि त्यांतही दरवर्षी किमान २०, असा दंडक होता. उरलेले तास वाचन, लेखन, अध्यापन यांतून भरून काढता येत. वयोवृद्धांस आणि पेशा न करणाऱ्यांस सवलत असे.

सक्तीचे दोन परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिले. पहिला निःसंशय चांगला. जे कधी फिरकत नसत ते येऊ लागले. तालुक्याच्या गावी एकटाच कचेरी चालविणारा तपासनीस, ज्याला विचारावयास शेजारी कोणी नसे, तोही वर्षातून काही दिवस समव्यावसायिकांत बसू लागला. १ एप्रिल २००५ रोजी कर्नाटकात मूल्यवर्धित कर आला, २०१३ साली नवा कंपनी कायदा आला, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. या प्रत्येक वळणावर हजारो व्यापाऱ्यांची गाडी रुळावरून घसरली नाही, याचे बरेचसे श्रेय त्या वर्षांत भरलेल्या अगणित वर्गांस दिले पाहिजे.

दुसरा परिणाम मात्र चिंता करावयास लावणारा. जेथे तास मोजले जातात तेथे तासच गोळा करण्याची वृत्ती बळावते. नोंदवहीत सही करावयाची, चहापानापर्यंत थांबावयाचे आणि हळूच निघून जावयाचे, असे सभासद आम्ही पाहिले आहेत; एखाद्या वर्षी, खरे सांगावयाचे तर, त्यांत आम्हीही होतो. २०२० च्या महामारीत वर्ग घरच्या पडद्यावर आले. दूरच्या व वृद्ध सदस्यांची त्यामुळे मोठीच सोय झाली. परंतु पडद्यामागे श्रोता जागा आहे की नाही, हे वक्त्यास कळेनासे झाले. आणि मागच्या खुर्चीवरून "धनी किती?" असे विचारणारा तो वृद्ध आवाज पडद्यावर क्वचितच ऐकू येतो.

तासांची बेरीज म्हणजे विद्या नव्हे, हे २००९ च्या जानेवारीत साऱ्या देशाला कळले. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेतील शिलकेचा दाखला तपासनिसाने कंपनीच्या हातून न घेता थेट बँकेकडून मागवावा, हा या पेशातील पहिल्या वर्षाच्या उमेदवारास शिकविला जाणारा धडा आहे. तो कोणास ठाऊक नव्हता असे नाही. उणीव माहितीची नव्हती, जागृतीची होती. त्यानंतर कायदा कडक झाला. कंपन्यांना ठराविक वर्षांनी तपासनीस बदलणे भाग पडले आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. हे सारे योग्यच झाले. तथापि बाहेरचा पहारा कितीही वाढविला तरी आतला दिवा ज्याचा त्यानेच तेवत ठेवावा लागतो.

निष्कर्ष

शहाजीराजांच्या दफ्तरापासून आजच्या संगणकापर्यंतच्या या प्रवासात आम्हांस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सनद एकदा मिळते. विश्वास मात्र दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. नवे शिकण्याची वेळ कोणत्याही पिढीला चुकली नाही. फारसी गेली, संस्कृत संज्ञा आल्या. मोडी गेली, आणे-पै गेले, वही गेली. १९६१ चा प्राप्तिकर कायदा आम्ही आयुष्यभर उराशी बाळगला. त्याची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ पासून अमलात यावयाचा नवा कायदा २०२५ साली संमत झाला. कलमांचे जे क्रमांक आमच्या जिभेवर पाढ्यांसारखे बसले होते ते पुसून पुन्हा गिरवावयाचे. पांढऱ्या केसांनी पाटी घेऊन बसावयाचे. यात दुःख मानण्यासारखे काही नाही. उलट वयाच्या या टप्प्यावरही कोणी आपल्याला विद्यार्थी समजते, हे भाग्यच म्हटले पाहिजे.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. गावाकडे अडीअडचणीला भाऊबंद धावून येतात. येथे निवृत्तिवेतनाचा कागद, मृत्युपत्र, घराच्या विक्रीवरील कर, मंडळाच्या वास्तूचा निधी अशा प्रत्येक प्रसंगी आपण कोणाच्या तरी सहीवर विसंबून राहतो. ती सही करणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे : "अलीकडे काय नवे शिकलात? आणि ते आम्हांला समजेल असे सांगता येईल का?" ज्याला शिकलेले सोपे करून सांगता येते त्यानेच ते खरे शिकलेले असते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची मंडळास एक नम्र सूचना आहे. वर्षातून एक संध्याकाळ मानद हिशेबतपासनिसांनी सभासदांसमोर बसावे. भाषण नको, सत्कार नको. ताळेबंद हाती घ्यावा, त्यातील एकेक ओळ मराठीत उलगडून सांगावी, त्या वर्षी कायद्यात काय पालटले ते सांगावे आणि सभासदांनी मनमोकळे प्रश्न विचारावेत. कोणी सांगावे, मागच्या खुर्चीवरून एखाद्या आजी "धनी किती?" अशासारखा एखादा साधा प्रश्न विचारतील आणि तपासनिसालाच पुन्हा वही उघडावी लागेल. तसे झाले तर आमची शाळा पुढल्या पन्नास वर्षांतही भरत राहील आणि अहवालाची शेवटची दोन पाने उलटण्यापूर्वी सभासदांची बोटे क्षणभर तेथे थांबतील.